चालते सिग्नल: मॉडेल रेल्वेवर मोटर आणि वायरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉडेल रेल्वे करणारे बहुतेक जण आधी रूळ टाकतात, मग गाड्या जमवतात, मग डोंगर-बोगदे करतात. सिग्नलची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि पुष्कळदा ते नुसते उभेच राहतात. ते हलावेत, पेटावेत आणि त्यांचा हात जे सांगतो ते रुळावर खरे असावे, यासाठी ही उत्तरे लिहिली आहेत. उदाहरणे एचओ मापाची, म्हणजे १:८७ ची आहेत. सिग्नल मुख्यतः आपल्याकडचे जुने, केबिनमधून तारेने ओढले जाणारे, हात खाली पडणारे: आडवा हात म्हणजे थांबा, पडलेला म्हणजे जा. रंगीत दिव्यांच्या सिग्नलांचे प्रश्नही अधूनमधून येतील.

सुरुवात कोणत्या सिग्नलपासून करावी?

एका होम सिग्नलपासून, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधी गाडीला थांबवणाऱ्या सिग्नलपासून, आणि तोही मुख्य टेबलावर नाही. प्लायवूडचा वीतभर तुकडा घ्या, त्यावर एक खांब, एक हात, एक मोटर आणि एक दिवा बसवा. तो आठवडाभर रोज चालवून पाहा. तार कुठे घासते, मोटर कुठे अडते, दिवा कुठून गळतो हे सगळे त्या तुकड्यावर कळते. सहा सिग्नल एकदम बसवले की तीच चूक सहा ठिकाणी खोलून दुरुस्त करावी लागते.

छोट्या स्टेशनाला नेमके कोणते सिग्नल लागतात?

एकेरी मार्गावरचे, मेन (सरळ जाणारी) आणि लूप (बाजूला निघून पुन्हा मेनला मिळणारी) अशा दोन लाइनींचे स्टेशन धरू. हात खाली पडणाऱ्या जुन्या पद्धतीत ‘बी’ वर्गाच्या स्टेशनाला प्रत्येक दिशेने किमान आउटर (होमच्याही अलीकडचा) आणि होम लागत. ‘ए’ वर्गाला वॉर्नर (पुढची सूचना देणारा), होम आणि स्टार्टर (स्टेशनातून गाडी सोडणारा) लागत. होमच्या खांबाला ब्रॅकेट असे आणि त्यावर दोन हात असत: मेन लाइनचा उंच, लूपचा त्याहून खाली. टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच असलेला वॉर्नर अनेकदा आउटरच्याच खांबावर, त्याच्या हाताखाली असे. गाडी न थांबता मेन लाइनने सरळ निघून जाणार असेल तरच तो पडे.

टेबल लहान असेल तर माझा सल्ला असा: आउटर सोडून द्या, दोन हातांचा होम आणि प्रत्येक लाइनीला एक स्टार्टर ठेवा. ब्रॅकेट होम सोडू नका. कोणत्या लाइनीवर गाडी घेतली जाते आहे हे लांबून दिसते ते त्याच्यामुळेच, आणि पाहणाऱ्याला स्टेशन समजते तेही त्याच्यामुळेच.

आपल्याकडे सिग्नल साधारणपणे रुळाच्या डाव्या बाजूला असतो आणि ड्रायव्हरच्या जागेवरून पाहिल्यास हातही खांबाच्या डावीकडे असतो. खांब चिकटवण्यापूर्वी रुळावर डोळा टेकवून एकदा तपासा.

खरी अंतरे मॉडेलवर कशी बसवायची?

बसत नाहीत. जुन्या पद्धतीत गाडीला लागणाऱ्या पहिल्या थांबा-सिग्नलच्या पुढे ४०० मीटर रूळ मोकळा लागे. एचओमध्ये ते झाले ४.६ मीटर. एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर. घरातल्या खोलीत हे जमणार नाही, म्हणून अंतर आवळावेच लागते. पण क्रम आवळू नका. होम हा येणाऱ्या गाडीला लागणाऱ्या पहिल्या सांध्याच्या, म्हणजे रूळ बदलण्याच्या जागेच्या, अलीकडेच हवा, आणि होमपाशी थांबलेल्या इंजिनाचे नाक सांध्यापासून दूर राहिले पाहिजे. डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन १:८७ मध्ये सुमारे २० सेंटीमीटर भरते, निदान तेवढी जागा सोडावी. स्टार्टर लूपच्या टोकाला, दोन लाइनी एकमेकींजवळ येऊ लागण्याच्या आत. त्याच्यापाशी थांबलेल्या गाडीच्या शेजारून दुसरी गाडी न घासता गेली पाहिजे. हे गाड्या उभ्या करूनच ठरवा, कागदावर नको.

परदेशी तयार सिग्नल चालतील का?

काही चालतील. ब्रिटनच्या जुन्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे सिग्नल खाली पडणाऱ्या हाताचे होते, त्यामुळे ते आपल्याकडच्या सिग्नलांना सर्वात जवळचे. रेशिओ कंपनीचे प्लास्टिकचे किट जोडून त्यात आपली मोटर बसवता येते. डापोलचे सिग्नल मोटरसकट येतात. त्यांच्या दोन पिवळ्या तारा फक्त क्षणभर एकमेकींना टेकवणाऱ्या बटणासाठी असतात, त्यांत बाहेरची वीज सोडायची नाही. हे सिग्नल ब्रिटिश ओओ मापाचे, म्हणजे १:७६ चे, त्यामुळे एचओ गाडीशेजारी थोडे मोठे दिसतात. मागच्या रांगेत ठेवू नका, पुढे ठेवले तर खपून जातात.

जर्मन सिग्नल सुंदर असतात, पण त्यांचा हात उजवीकडे असतो आणि गाडी सोडताना वर जातो. भारतीय स्टेशनावर ते शोभणार नाहीत. जर्मन देखावा करत असाल तर मात्र तेच हवेत.

हात हलवायला कोणती मोटर बरी?

बाजारात चार वाटा आहेत. सांधे बदलणारी कॉइल जवळ असते म्हणून पुष्कळ जण तीच सिग्नलला लावतात. ती एका झटक्यात ठोका मारते, आणि नाजूक हात काही दिवसांत बिजागरीपाशी सैल होतो. टॉर्टॉइससारखी संथ मोटर टोकाला पोहोचून दाबून धरून राहते, १२ व्होल्टवर अगदी थोडी वीज घेते आणि तिच्यात जादा संपर्कबिंदूही असतात. उत्तम वस्तू आहे, पण आकाराने मोठी, महाग, आणि तिची चाल एकसुरी. वीज सोडली की आखडणारी तार आवाज न करता काम करते, पण तिचा ताण जुळवायला फार सबुरी लागते.

माझी पसंती छोट्या सर्व्होला, म्हणजे इशारा मिळेल त्या कोनापर्यंत फिरून थांबणाऱ्या मोटरला. एसजी९० हा नऊ ग्रॅमचा सर्व्हो शंभर-दीडशे रुपयांत मिळतो, ५ व्होल्टवर चालतो, आणि तो किती फिरावा, किती वेगाने फिरावा, कुठे थबकावा हे सगळे आपल्या हातात राहते. सिग्नलला हेच हवे असते.

सर्व्हो टेबलाखाली कसा बसवायचा?

या जोडणीवरच पुढचे सगळे अवलंबून आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

हाताच्या बिजागरीपासून ओढतारेचे छिद्र अडीच मिलिमीटरवर असेल आणि हात ५० अंश पडायचा असेल, तर तार जेमतेम दोन मिलिमीटर सरकते. सर्व्होच्या हॉर्नवर, म्हणजे त्याच्या आसावरच्या छोट्या भुजेवर, केंद्रापासून दहा मिलिमीटरवरच्या छिद्रात तार अडकवली, तर या दोन मिलिमीटरसाठी सर्व्हो फक्त बारा अंश फिरतो. एसजी९० ला एका अंशाहून बारीक हालचाल नीट जमत नाही. म्हणजे हाताचा सगळा प्रवास दहा-बारा पायऱ्यांत होतो आणि तो धक्के खात पडल्यासारखा दिसतो. ‘माझा सिग्नल थरथरतो’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथे असते, प्रोग्रॅममध्ये नाही.

उपाय दोन. पहिला, तार हॉर्नच्या सर्वात आतल्या छिद्रात अडकवा. छिद्र चार मिलिमीटरवर असेल तर सर्व्हो तीस अंश फिरेल. दुसरा आणि जास्त चांगला: मध्ये एक तरफ घाला. पितळी पट्टीची एक भुजा लांब, एक आखूड ठेवा. लांब भुजा सर्व्होला, आखूड सिग्नलला. सर्व्हो साठ अंश फिरला तरी सिग्नलची तार दोनच मिलिमीटर सरकते आणि चाल लोण्यासारखी होते.

तारेसाठी सतारीची किंवा गिटारची पातळ पोलादी तार घ्या. पाव ते तीन दशांश मिलिमीटर जाडी पुरते. तारेत मध्ये इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा एक वळसा ठेवा. सर्व्हो थोडा जास्त फिरला तर तो वळसा दबतो आणि हात मोडत नाही. पुढे लांबी कमी-जास्त करायलाही हाच वळसा पक्कडीने दाबायचा. प्लायवूडमधून तार जाते तिथे पितळी नळी किंवा इंजेक्शनच्या जाड सुईचा टोक काढून घासलेला तुकडा बसवा. लाकडात नुसते छिद्र ठेवू नका.

सर्व्होला फेव्हिक्विकने कायमचे चिकटवू नका. तो कधीतरी बदलावा लागणारच. कोनपट्टीवर दोन स्क्रूंनी बसवा, आणि स्क्रूची छिद्रे लांबट ठेवा म्हणजे पुढे-मागे सरकवता येईल.

तार निसटली किंवा वीज गेली तर सिग्नल कुठे राहावा?

आडवा. धोक्यावर. मॉडेलवरही.

इंग्लंडमध्ये ॲबॉट्स रिप्टन इथे २१ जानेवारी १८७६ ला बर्फात सिग्नलचे हात ‘जा’ दाखवत गोठून बसले. केबिनमध्ये खटका परत टाकला तरी हात वर आला नाही आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्या काळी तिथे सिग्नल एरवी मोकळाच ठेवत आणि थांबवायचे असेल तेव्हाच धोक्यावर नेत. या अपघातानंतर ती रीत उलटली: सिग्नल मुळात धोक्यावर, गाडीपुरता सोडायचा आणि पुन्हा धोक्यावर न्यायचा. खऱ्या सिग्नलच्या खांबावर वजनाची तरफ असते ती याचसाठी. तार तुटली तर वजनाने हात आडवा होतो.

मॉडेलवर हे करायला फार काही लागत नाही. खाली पडणाऱ्या सिग्नलमध्ये हात डावीकडे आणि रंगीत काचांची चौकट खांबाच्या उजवीकडे असते. ओढतार चौकटीच्या बाजूला जोडा. मग हात खाली पाडण्यासाठी तार वर ढकलावी लागते आणि तारेचे स्वतःचे वजन हाताला आडवे करायला मदत करते. टेबलाखाली तारेला एक-दोन लहान नट लटकवा. सर्व्होची जोडणी निसटली तरी हात आपोआप धोक्यावर जाईल. वर जाणाऱ्या हाताच्या सिग्नलमध्ये तार हाताच्या बाजूला जोडून वर ढकलायची, खाली यायला हाताचे वजनच पुरे.

वीज गेल्यावर सर्व्हो जागच्या जागी थांबतो, त्याचे दाते हात धरून ठेवतात. म्हणून वीज परत आल्यावर पहिली आज्ञा ‘सगळे हात आडवे’ हीच द्यावी. शेवटची स्थिती लक्षात ठेवून तीच पुन्हा दाखवणारे प्रोग्रॅम मिळतात. सांध्यांसाठी ते ठीक, सिग्नलसाठी मला ते पटत नाही. मधल्या वेळात तुम्ही गाडी हाताने हलवली असेल, तर सिग्नल खोटे बोलेल.

हाताची चाल खऱ्यासारखी कशी दिसेल?

खटका ओढणाऱ्या माणसाची कल्पना करा. केबिनपासून सिग्नलपर्यंत कप्प्यांवरून गेलेली लांब तार आधी ताणली जाते, तोवर हात हलत नाही किंवा थोडासा हलतो. मग जोर लागतो आणि हात पडतो. परत जाताना तार एकदम सैल सुटते, वजन खाली येते, हात झटकन आडवा होऊन एक-दोनदा लचकतो.

हे आकड्यांत असे मांडता येते. पडताना: पहिला एक तृतीयांश प्रवास सावकाश, मग जवळपास अर्धा सेकंद थांबा, मग उरलेला प्रवास जरा वेगाने. सगळे मिळून दीड-दोन सेकंद. परतताना: अर्ध्या सेकंदात आडवा, मग प्रवासाच्या पंधरा टक्के मागे, पुन्हा आडवा, मग पाच टक्के मागे, आणि स्थिर. लचक याहून जास्त ठेवली की सिग्नल खेळण्यातला वाटतो. प्रत्येक सिग्नलचे आकडे थोडे वेगळे ठेवा. लांबच्या आउटरची चाल जवळच्या स्टार्टरपेक्षा जडच असणार.

सर्व्होंना वीज कुठून द्यायची? आर्डुइनोमधून देता येईल का?

आर्डुइनोने, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणाऱ्या छोट्या बोर्डने, सर्व्होला फक्त इशारा द्यायचा, वीज नाही. एसजी९० अडकला तर अर्ध्या अँपिअरहून जास्त ओढतो, आणि बोर्डवरचा ५ व्होल्टचा पाय त्यासाठी नाही. ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगला मोबाइल चार्जर घ्या आणि त्यातून सर्व्होंची वेगळी लाइन काढा. पण चार्जरची ऋण तार आणि आर्डुइनोची ग्राउंड तार एकमेकींना जोडायला विसरू नका. ती जोडली नाही की सर्व्हो वेड्यासारखे फिरतात, आणि लोक सर्व्हो खराब निघाला म्हणून दुकानात परत करतात.

वीजलाइनीवर सर्व्होंच्या जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. प्रोग्रॅममध्ये एका वेळी एकच सिग्नल हलू द्या. केबिनमधला माणूसही एका वेळी एकच खटका ओढत होता. रुळांतली वीज सर्व्होंसाठी वापरू नका.

आर्डुइनो उनोच्या नेहमीच्या सर्व्हो लायब्ररीत बारा सर्व्हो चालतात. त्याहून जास्त असतील तर पीसीए९६८५ ची पट्टी घ्या. ती दोन इशारा-तारांवर सोळा सर्व्हो चालवते आणि अशा अनेक पट्ट्या एकीला एक जोडता येतात.

आणखी एक गोष्ट. २३० व्होल्टची कोणतीही उघडी जोडणी टेबलाखाली नको. चार्जर आणि अ‍ॅडॉप्टर भिंतीच्या सॉकेटपाशी राहतील, टेबलापर्यंत फक्त ५ आणि १२ व्होल्ट येतील. घरात मुले असोत वा नसोत.

सर्व्हो गुरगुरतो, आणि चालू करताना झटका देतो. काय करू?

गुरगुर म्हणजे सर्व्हो जागा शोधतो आहे. तार घासत असेल तर आधी ते दुरुस्त करा. मग हात जागेवर पोहोचला की इशारा बंद करण्याची सोय प्रोग्रॅममध्ये ठेवा. हात हलका असतो, दात्यांवर तो टिकून राहतो.

झटका येतो तो आर्डुइनो जागा होण्याआधी इशारा-तार तरंगत असते म्हणून. प्रत्येक इशारा-तारेवर १० किलोओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टकडे किंवा ग्राउंडकडे लावून पाहा. कोणता लागू पडतो ते सर्व्होच्या जातीवर ठरते. खात्रीचा उपाय म्हणजे सर्व्होंची वीज एका रिलेतून देणे आणि आर्डुइनोने इशारे सुरू केल्यावरच तो रिले ओढणे.

दिवा कोणता, आणि हिरवा निळसर का दिसतो?

हाताच्या सिग्नलात दिवा एकच आणि पांढरा. तो खांबाला पक्का असतो, त्याच्यासमोरून रंगीत काचा सरकतात. जुन्या रॉकेलच्या दिव्याची ज्योत पिवळी, म्हणून हिरव्यासाठी काच निळसर असे. पिवळा आणि निळा मिळून लांबून हिरवे दिसे. तुम्ही तीच निळसर काच थंड पांढऱ्या एलईडीपुढे धरली तर निळेच दिसणार. उबदार पांढरा एलईडी घ्या, त्यापुढे काचरंगाचा निळसर हिरवा थेंब, आणि वीज अगदी कमी ठेवा. रॉकेलचा दिवा मंद असायचा, लखलखीत सिग्नल सगळी मेहनत फुकट घालवतो.

आकारासाठी ०६०३ जातीचा चपटा एलईडी योग्य. तो १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद असतो आणि दिव्याच्या डबीत मावतो. ३ मिलिमीटरचा गोल एलईडी १:८७ मध्ये सव्वीस सेंटीमीटरचा दिवा होतो. तारेसाठी मोटर भरणाऱ्यांकडची बारीक वाइंडिंग वायर वापरा, टोकाचे वार्निश खरवडून सोल्डर करा. खांब पितळी असेल तर परतीची तार म्हणून खांबच चालतो. डबी आतून काळी रंगवा, नाहीतर प्रकाश बाजूंनी गळतो. मागच्या बाजूला एक बारीक छिद्र ठेवले तर केबिनमधून दिसणारा मागचा पांढरा दिवाही मिळतो.

रेझिस्टर किती ओहमचा?

पुरवठ्याच्या व्होल्टमधून एलईडीचे व्होल्ट वजा करा आणि हव्या त्या विजेने भागा. लाल-पिवळ्याला साधारण २ व्होल्ट, पांढऱ्याला आणि गडद हिरव्याला साधारण ३. पांढरा एलईडी १२ व्होल्टवर २ मिलिअँपिअरने पेटवायचा तर ९ भागिले ०.००२, म्हणजे ४५०० ओहम, बाजारात ४.७ किलोओहम मिळतो तो घ्या. रॉकेलच्या दिव्यासाठी मी १० किलोओहमपर्यंत जातो. ५ व्होल्टवर १ किलोओहम पुरतो.

रंगीत दिव्यांच्या सिग्नलची जोडणी कशी?

चार दिव्यांच्या सिग्नलला पाच तारा: प्रत्येक दिव्याची एक आणि एक समाईक. बहुतेक तयार सिग्नलांत समाईक तार धन असते, पण घेतल्यावर मल्टीमीटरने तपासाच. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रेझिस्टर द्या. एकच समाईक रेझिस्टर ठेवला की दोन पिवळे एकत्र पेटताना दोन्ही मंद होतात, आणि हिरवा नेहमी लालपेक्षा वेगळ्या तेजाने पेटतो. आजकालचे हिरवे एलईडी फार तेजस्वी असतात. हिरव्याला लालच्या दुप्पट-तिप्पट रेझिस्टर लागला तर आश्चर्य वाटू देऊ नका.

क्रम आपल्याकडचा असा: गाडीच्या मागचा पहिला सिग्नल लाल, त्यामागचा एक पिवळा, त्यामागचा दोन पिवळे, त्यामागचा हिरवा. मुंबईत व्हीटी ते भायखळा दरम्यान १९२८ साली स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल आले. मुंबई लोकलचा देखावा करणाऱ्यांनी हाच क्रम धरावा. एक दिवा विझून दुसरा पेटताना पाव सेकंदाची मंद ओसर दिली की जुन्या बल्बचा भास होतो.

सिग्नल सांध्याशी जोडणे खरेच गरजेचे आहे का?

मला विचाराल तर मोटरइतकेच गरजेचे. सांधा लूपकडे वळलेला आणि मेनचा हात पडलेला, असा देखावा ज्याला रेल्वे कळते त्याच्या डोळ्यांत खुपतो. जॉन सॅक्सबीने इंग्लंडमध्ये १८५६ साली सांधे आणि सिग्नल एकत्र बांधणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले, तेव्हापासून हे रेल्वेच्या सुरक्षेचा कणा आहे.

सर्वात सोपी रीत मायक्रोस्विचची. सांध्याची पाती जोडणाऱ्या आडव्या पट्टीला टेकेल असा तीन पायांचा मायक्रोस्विच बसवा. होमच्या बटणाची तार त्याच्या समाईक पायाला. उरलेल्या दोन पायांपैकी एकातून मेनच्या हाताला इशारा जातो, दुसऱ्यातून लूपच्या. सांधा जिकडे, तिकडचाच हात पडेल. दुसरा पडूच शकत नाही. स्विच सांध्याच्या पट्टीवरच हवा, मोटरवर नको. मोटर फिरली पण खडीचा दाणा अडकून पाती सरकली नाहीत, असे नेहमी होते. आर्डुइनो वापरत असाल तरी प्रोग्रॅमने ‘मी सांधा बदलायला सांगितले’ यावर विसंबू नये, स्विच काय सांगतो ते वाचावे.

पुढची पायरी: होमचा हात पडलेला असताना सांधा बदलू न देणे. प्रोग्रॅममध्ये ही एक अट आहे. तारांनी करायचे असेल तर सांध्याच्या मोटरची वीज होमच्या आडव्या स्थितीला दाबल्या जाणाऱ्या दुसऱ्या मायक्रोस्विचमधून न्या.

दोन स्टेशने असतील तर आणखी एक गोष्ट करून पाहा. एकेरी मार्गावर आपल्याकडे नील्स बॉल टोकन असे: लोखंडी गोळा यंत्रातून निघाल्याशिवाय ड्रायव्हरला पुढचा रूळ मिळत नसे, आणि एका वेळी एकच गोळा निघे. मॉडेलवर त्याजागी चावीचा स्विच लावा. दोन्ही स्टेशनांच्या पॅनलवर एकसारखे स्विच आणि चावी मात्र एकच. शेवटच्या स्टार्टरची तार या स्विचमधून न्या. चावी ज्याच्याकडे तोच गाडी सोडू शकतो, आणि गाडीबरोबर चावीही पलीकडे द्यावी लागते. दोघे मिळून खेळत असाल तर यासारखे सुख नाही.

गाडी गेल्यावर सिग्नल आपोआप आडवा होईल का?

होईल. सिग्नलच्या पुढे रुळांमध्ये सेन्सर लावा. इन्फ्रारेड सेन्सर स्वस्त पडतो, पण खिडकीतून ऊन पडले की फसतो. रीड स्विचला इंजिनाखाली लहान लोहचुंबक लागते, तो मात्र वर्षानुवर्षे चालतो. पूर्ण तुकड्यात गाडी आहे की नाही हे कळायला हवे असेल तर रुळातली वीज मोजणारी जोडणी करावी लागते. त्यासाठी डब्यांच्या एखाद्या आसाला १० किलोओहमचा रेझिस्टर चिकटवतात. रंगीत दिव्यांच्या स्वयंचलित सिग्नलांना ही शेवटची पद्धतच हवी. हाताच्या सिग्नलाला रीड स्विच पुरे, किंवा केबिनमधल्या माणसाने केले तसे स्वतः खटका परत टाका.

यासाठी डीसीसी घ्यावेच लागते का?

नाही. डीसीसी म्हणजे रुळांतूनच प्रत्येक गाडीला वेगळी डिजिटल आज्ञा देण्याची पद्धत. गाड्या साध्या १२ व्होल्टवर चालत असल्या तरी सिग्नल वेगळे चालतात. डीसीसी आधीच असेल तर सर्व्हो चालवणारे अ‍ॅक्सेसरी डिकोडर मिळतात आणि संगणकावरून जेएमआरआय या मोफत सॉफ्टवेअरने सगळे एका पडद्यावर आणता येते. तरीही सिग्नलांची वीज रुळांच्या विजेपासून वेगळी ठेवा. गाडी घसरून शॉर्ट झाला की नेमक्या त्या क्षणी सिग्नलही मरू नयेत.

मला प्रोग्रॅमिंग येत नाही. इलेक्ट्रॉनिक्स न वापरता जमेल?

उत्तम जमेल. टेबलाच्या कडेला खटक्यांची रांग करा, मासे पकडायच्या गळाची बारीक नायलॉन दोरी पितळी नळ्यांतून सिग्नलपर्यंत न्या आणि परतीला वजन लटकवा. खऱ्या केबिनमध्ये हेच होते. हाताला ओढ जाणवते, ती कोणत्याही बटणाने मिळत नाही. वळणावर दोरी घासते, म्हणून सिग्नल कडेपासून मीटर-दीड मीटरच्या आत असावेत. सर्व्होही प्रोग्रॅमिंगशिवाय चालतो: दोन टोके दोन पोटेन्शिओमीटरने ठरवायची अशा छोट्या तयार पट्ट्या मिळतात. त्यांत लचक मिळेलच असे नाही.

पावसाळ्यात सिग्नल बिघडतात. का?

प्लायवूड फुगते आणि दोन मिलिमीटरच्या प्रवासात अर्धा मिलिमीटर फरक पडला तरी हात अर्धवट राहतो. कोकणात आणि मुंबईत हे दरवर्षी होणार. म्हणून खांब आणि सर्व्हो दोन्ही एकाच पितळी किंवा अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीवर बसवा, म्हणजे लाकूड काहीही करो, त्या दोघांतले अंतर बदलत नाही. पोलादी तारेला शिवणयंत्राच्या तेलाचे बोट लावा. टेबलाची खालची बाजूही रंगवा. बहुतेक लोक फक्त वरची रंगवतात.

रूळ पुसताना हात लागून सिग्नल मोडतो.

खांब काढता येईल असा करा. खांब आणि सर्व्हो एकाच पट्टीवर घेतले असतील तर अख्खा संच वरून उचलता येतो. टेबलात त्याला बसेल एवढा चौकोन कापा, तारांना खाली एक प्लग द्या आणि कडेची फट खडीने झाका. दिवाणाखाली सरकवायचे टेबल असेल तर दुसरा मार्गच नाही.

साहित्य कुठे मिळेल, आणि चालते मॉडेल कुठे पाहता येईल?

सर्व्हो, एलईडी, मायक्रोस्विच आणि रीड स्विच यांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ आणि तापकीर गल्लीचा परिसर. पितळी नळ्या हार्डवेअरच्या जुन्या दुकानांत मागा. पाहण्यासाठी पुण्यात कोथरूडचे जोशी यांचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले आणि तिथला देखावा याच १:८७ मापाचा आहे. जाल तेव्हा गाड्यांवरून नजर काढून थोडा वेळ फक्त सिग्नल पाहा.

टेबलाखाली तारांचे जंगल झाले आहे. आता काय?

सगळे उपटू नका. एका सिग्नलपासून सुरुवात करा. त्याच्या प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना कागदी पट्टीवर नाव लिहा: ‘होम मेन, इशारा’, ‘होम मेन, दिवा’. रंग ठरवून घ्या, लाल ५ व्होल्ट, काळा ग्राउंड, पिवळा इशारा, आणि कुठेही अपवाद करू नका. प्रत्येक बोर्डाच्या कडेला कनेक्टर पट्टी लावा, तिच्यावरचे आकडे वहीत उतरवा आणि वही टेबलालाच दोरीने बांधून ठेवा. एका बैठकीत एकच सिग्नल. तो पडतो, आडवा होतो, सांध्याचे ऐकतो, हे तिन्ही तपासून झाल्यावरच पुढच्याची तार हातात घ्या.